दळणाच्या उत्पन्नावर उभी राहिलेली शाळा: इंग्लंडमधील ग्रामर स्कूल आणि तिचे माजी विद्यार्थी

‘ग्रामर स्कूल’ हे नाव ऐकून पहिल्यांदा व्याकरणाचे शिकवणीवर्ग डोळ्यांसमोर येतात, आणि पुढे कोणी सांगितले की ही इंग्लंडमधील एक जुनी आणि मानाची शाळा आहे, तर ती सरकारी असेल की खासगी, फुकट असेल की महागडी, हे काही केल्या कळत नाही. यात वाचकाचा दोष नाही. आज इंग्लंडमध्ये या एकाच नावाखाली तीन वेगळ्या प्रकारच्या शाळा नांदतात: सरकारी खर्चाने चालणाऱ्या पण प्रवेशपरीक्षा घेऊन मुले निवडणाऱ्या, पूर्णपणे खासगी आणि भरपूर फी घेणाऱ्या, आणि निवड कधीच सोडून दिलेल्या पण पाटीवरचे जुने नाव न पुसलेल्या. हा गुंता समजून घ्यायचा तर शाळेत काय शिकवतात यापेक्षा शाळेचा खर्च कोण करतो, हा प्रश्न धरून चालावे लागते. त्यासाठी मँचेस्टर ग्रामर स्कूल हे उदाहरण मला सर्वांत सोयीचे वाटते, कारण १५१५ साली स्थापन झालेल्या या शाळेचा खर्च आजवर पिठाच्या गिरणीपासून सरकारी तिजोरीपर्यंत आणि तिथून माजी विद्यार्थ्यांच्या खिशापर्यंत येऊन पोहोचला आहे.

आधी नावातले ‘ग्रामर’. सोळाव्या शतकातील इंग्लंडमध्ये ग्रामर म्हणजे इंग्रजीचे व्याकरण नव्हे, तर लॅटिनचे. चर्च, न्यायालये, विद्यापीठे आणि परदेशांशी चालणारा पत्रव्यवहार या सर्वांची भाषा लॅटिन होती, त्यामुळे लॅटिन येत नसलेल्या मुलासाठी बापाच्या धंद्यापलीकडची बहुतेक दारे बंदच असत. आपल्याकडच्या जुन्या पाठशाळेत मुलगा जसा रूपावली घोकत बसे, तसाच तिथला मुलगा लॅटिन नामांची आणि धातूंची रूपे घोकत बसे. फरक एवढाच की पाठशाळेचे दार कोणाला उघडे, हे जन्मावरून ठरत असे, आणि मँचेस्टरच्या शाळेच्या नियमांत मात्र कोणत्याही परगण्यातला मुलगा चालेल, फक्त त्याला संसर्गजन्य रोग नसावा, अशी तरतूद होती. (मुलगी चालेल का, हा प्रश्नच कोणाच्या मनात आला नाही. शाळा मुलग्यांचीच होती.)

संस्थापक ह्यू ओल्डहॅम हे मूळचे मँचेस्टरच्याच लँकशायर परगण्यातले, पण पुढे दूर नैर्ऋत्येला एक्सिटरचे बिशप झालेले गृहस्थ. आपल्या मुलखातल्या मुलांना बुद्धी आहे, पण शिकवणारे कोणी नाही, ही त्यांची खंत होती. १५१५ साली त्यांनी केलेल्या दस्ताने शाळेचा पाया घातला गेला, १५१९ साली ते वारले, आणि १५२५ साली शाळेचे सविस्तर नियम लेखी ठरले. ओल्डहॅम या नावाचा तिथला उच्चार घुबड या अर्थाच्या इंग्रजी शब्दाच्या जवळ जातो, म्हणून बिशपसाहेबांच्या मानचिन्हात घुबडे आली आणि तेच घुबड आजही शाळेच्या बोधचिन्हावर बसलेले आहे. आपल्याकडे कोणी शाळेच्या गणवेशावर घुबड लावण्याचे धाडस करणार नाही. तिकडे मात्र ते शहाणपणाचे लक्षण मानतात.

हे नियम वाचण्यासारखे आहेत, कारण त्यांतून एक शाळा जवळून दिसते. मुख्याध्यापकाला, ज्याला तिथे ‘हाय मास्टर’ म्हणतात, वर्षाला १० पौंड आणि त्याच्या हाताखालच्या शिक्षकाला ५ पौंड पगार ठरवला होता. व्याकरण ऑक्सफर्डशायरमधल्या बॅनबरीच्या शाळेत शिकवतात त्याच पद्धतीने शिकवावे, असेही लिहून ठेवले होते. शिक्षण विनामूल्य. पण विनामूल्य म्हणून जाहीर केलेल्या शाळेतसुद्धा मास्तर मागच्या दाराने पैसे घेतात, हा अनुभव त्या काळीही नवा नसावा, कारण नियमांत अशा वसुलीची एकेक नावे घेऊन बंदी घातली आहे. त्यांतले एक नाव ‘कोंबडा-पेनी’. लेंट, म्हणजे ईस्टरच्या आधीचा उपवासाचा काळ, सुरू होण्याच्या आदल्या दिवशी इंग्लंडमधल्या अनेक शाळांत कोंबड्यांच्या झुंजी लावल्या जात आणि त्या निमित्ताने प्रत्येक मुलाकडून मास्तरला पैसे मिळत. मँचेस्टरमध्ये हे चालणार नाही, असे बिशपसाहेबांच्या विश्वस्तांनी स्पष्ट करून टाकले. प्रवेशाच्या वेळी मात्र प्रत्येकाने एक पेनी द्यायची, आणि ती मास्तरला नव्हे तर दोन गरीब विद्यार्थ्यांना मिळायची. त्या बदल्यात त्या दोघांनी शाळा झाडायची आणि प्रवेश घेणाऱ्यांची नावे वहीत नोंदवायची. या वहीकडे आपल्याला पुन्हा यायचे आहे.

आता मुख्य प्रश्न. मुलांकडून काही घ्यायचे नाही, तर दोघा मास्तरांचे मिळून १५ पौंड यायचे कुठून? त्या काळात याचे उत्तर ठरलेले होते: शाळेला उत्पन्नाचे एखादे साधन कायमचे तोडून द्यायचे, ते विश्वस्तांच्या नावावर करायचे, मूळ मालमत्तेला हात लावायचा नाही आणि दरवर्षी येणाऱ्या उत्पन्नातून शाळा चालवायची. देवस्थानाला इनाम जमीन लावून देण्याच्या आपल्याकडच्या रिवाजाशी याचे नाते आहे. बहुतेक इंग्लिश शाळांना शेतजमिनी किंवा घरे मिळाली. मँचेस्टरच्या शाळेला मिळाल्या आर्क नदीवरच्या धान्य दळण्याच्या पाणचक्क्या. छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की ज्यांनी पाहिली आहे, त्यांना पाण्यावर फिरणारे जाते आणि त्यावर पोसली जाणारी धर्मादाय संस्था ही जोडी नवी वाटणार नाही.

पण या पाणचक्क्यांना एक खास अधिकार चिकटलेला होता. मँचेस्टरच्या रहिवाशांनी आपले धान्य आणि बीअरसाठी लागणारे माल्ट याच चक्क्यांवर दळून घेतले पाहिजे, दुसरीकडे नेता कामा नये, असा जुना जमीनदारी हक्क चक्क्यांबरोबरच शाळेकडे आला होता. म्हणजे शाळा मुलांकडून फी घेत नव्हती हे खरे, पण गावातल्या प्रत्येक भाकरीमागे तिचा वाटा होता, मग घरात शाळेत जाणारे मूल असो की नसो. आजच्या भाषेत हा शिक्षण-उपकरच म्हणावा लागेल. गाव लहान होते तोवर हे निभावले. अठराव्या शतकात कापडाच्या धंद्याने मँचेस्टर फुगत गेले, चक्क्यांवर रांगा लागू लागल्या, चक्क्या चालवायला घेतलेल्या ठेकेदारांबद्दल तक्रारी सुरू झाल्या, आणि गावातल्या एका चतुर माणसाने त्यांतल्या दोघा लुकड्या ठेकेदारांना ‘हाड’ आणि ‘कातडी’ अशी नावे देऊन, हाड आणि कातडी मिळून आमची उपासमार करतील पण रक्तामांसाला ते सहन होणार नाही, अशा अर्थाचा चार ओळींचा चुटका रचला. अखेर १७५८-५९ च्या अधिवेशनात संसदेने कायदा करून लोकांची धान्याच्या सक्तीतून सुटका केली. माल्टची सक्ती मात्र तशीच ठेवली. त्यामुळे पुढची काही दशके या शाळेतले लॅटिन बऱ्याच अंशी मँचेस्टरकरांच्या बीअरवर चालले, असे म्हटले तर ते विनोदाने असले तरी खोटे नाही.

सगळ्याच शाळांचे असे निभावले नाही. सोळाव्या शतकाच्या मध्यावर राजाने मठ आणि मृतांसाठी प्रार्थना करणारी धर्मादाय प्रार्थनागृहे बरखास्त केली, तेव्हा त्यांच्या आधाराने चालणाऱ्या कित्येक शाळा एकतर बंद पडल्या किंवा सहाव्या एडवर्ड राजाच्या नावाने पुन्हा उघडल्या गेल्या. इंग्लंडमध्ये गावोगावी ‘किंग एडवर्ड’ नावाची शाळा का दिसते, याचे बरेचसे उत्तर इथे आहे.

खरी अडचण पुढेच होती, आणि ती पैशांच्या टंचाईची नव्हती. संस्थापकाने लिहून ठेवले की पैसा लॅटिन व्याकरण शिकवण्यासाठी आहे. तीनशे वर्षांनी गावाला हवे होते गणित, हिशेब, फ्रेंच आणि जर्मन. मग विश्वस्तांनी मूळ दस्ताचे ऐकायचे की गावाचे? लीड्स या कापडाच्याच शहरात हा वाद न्यायालयात गेला आणि १८०५ साली न्यायाधीश लॉर्ड एल्डन यांनी निकाल दिला. डॉ. जॉन्सन यांच्या शब्दकोशात ग्रामर स्कूल म्हणजे अभिजात भाषा (लॅटिन, ग्रीक) व्याकरणशुद्ध शिकवणारी शाळा, असा अर्थ दिला आहे, त्यांनी त्याचा आधार घेतला आणि अभिजात भाषांसाठी ठेवलेला निधी मुख्यतः व्यापारी विषयांची शाळा चालवण्याकडे वळवता येणार नाही, असे ठरवले. एल्डन स्वतः न्यूकॅसलच्या ग्रामर स्कूलचे माजी विद्यार्थी होते, ही गोष्ट मला तरी सूचक वाटते. मराठी वाचकाला या वादाचा चेहरा ओळखीचा वाटेल. पेशव्यांच्या दक्षिणा निधीतून १८२१ साली पुण्यात विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली, आणि १८४९ साली सुधारक मंडळींनी दक्षिणेचा काही भाग मराठी ग्रंथलेखनाकडे वळवावा असा अर्ज केला, तेव्हा शहरात केवढा गदारोळ झाला, हे सर्वश्रुत आहे. जुने दान नव्या कामाला लावायचे की नाही, हा प्रश्न दोन्हीकडे एकच होता.

इंग्लंडमध्ये १८४० च्या कायद्याने न्यायालयांना अभ्यासक्रम रुंदावण्याची मुभा दिली, पुढे १८६४ ते १८६८ या काळात टाँटन आयोगाने देशभरातल्या शेकडो जुन्या शाळांची झाडाझडती घेतली, आणि १८६९ च्या कायद्याने या निधींची फेररचना करण्याचा अधिकार सरकारी आयुक्तांकडे आला. मुलींच्या शाळांना जुन्या निधीतला वाटा मिळू लागला तो यानंतरच. मँचेस्टरमध्ये याच सुमारास फ्रेडरिक वॉकर हे हाय मास्टर होते. त्यांनी विज्ञानासह नवे विषय वाढवले आणि फुकट शिकणाऱ्या मुलांच्या बरोबरीने फी भरणारी मुलेही घेतली. शाळा वाढली, गाजली. पण ‘सर्वांना विनामूल्य’ हे मूळ वचन तिथून पुढे ‘काहींना विनामूल्य’ असे झाले.

विसाव्या शतकाने हे वचन काही काळ सरकारच्या पदरात टाकले. १९४४ च्या शिक्षण कायद्यानंतर अकराव्या वर्षी मुलांची परीक्षा घेऊन वरच्या गुणांची मुले ग्रामर स्कूलमध्ये आणि उरलेली बहुतेक साध्या माध्यमिक शाळेत पाठवण्याची पद्धत रूढ झाली. मँचेस्टर ग्रामर स्कूल ‘थेट अनुदान’ या वेगळ्या गटात होते: शाळेला अनुदान थेट केंद्र सरकारकडून मिळे, त्या बदल्यात किमान पाव जागा सरकारी प्राथमिक शाळांतून आलेल्या मुलांना विनामूल्य द्याव्या लागत आणि बाकीच्यांची फी पालकांच्या उत्पन्नानुसार कमी होई. १९४५ ते १९६२ या काळात एरिक जेम्स हाय मास्टर होते. पुढे यॉर्क विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झालेले हे गृहस्थ हुशार मुलांना वेगळे काढून शिकवण्याचे ठाम समर्थक होते. पण परीक्षेत न निवडल्या गेलेल्या मोठ्या संख्येचे काय, हा प्रश्न पालकांना छळत होता आणि माझ्या मते तो रास्तच होता. अकराव्या वर्षी एका सकाळी सोडवलेल्या पेपरावर मुलाचे अवघे आयुष्य ठरवणे कोणत्याही न्यायात बसत नाही. १९६५ साली सरकारने एक परिपत्रक काढून निवड थांबवण्यास सांगितले, आणि १९७६ पासून थेट अनुदानही टप्प्याटप्प्याने बंद झाले. शाळेपुढे दोन वाटा उरल्या: निवड सोडून सरकारी व्यवस्थेत जायचे, किंवा पूर्ण खासगी व्हायचे. मँचेस्टरच्या शाळेने दुसरी निवडली.

म्हणून आजचे चित्र असे विचित्र दिसते. इंग्लंडमध्ये निवड करणाऱ्या सरकारी ग्रामर स्कूल १६३ उरल्या आहेत, १९९८ च्या कायद्याने नव्या काढण्यास मनाई आहे, मँचेस्टर शहरात त्यांतली एकही नाही आणि शेजारच्या ट्रॅफर्डमध्ये मात्र कित्येक आहेत. नावात ग्रामर स्कूल असलेली मँचेस्टरची सर्वांत जुनी शाळा खासगी आहे.

इथे माजी विद्यार्थी येतात. या शाळेचे माजी विद्यार्थी स्वतःला ‘ओल्ड मँक्युनियन’ म्हणवतात आणि त्यांचा संघही त्याच नावाचा आहे. असा संघ म्हणजे नेमके काय, याबद्दल आपल्याकडे बराच गैरसमज असतो. तो शाळेचा मालक नसतो आणि शाळेच्या कारभारावर त्याचा हुकूमही चालत नाही, कारभार विश्वस्तांचा. संघ ही सभासदांची स्वतंत्र संस्था असते, तिला अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार असतात, वर्षातून एकदा सभा आणि एक मेजवानी होते, एक टाय असतो जो घातला की अनोळखी माणूस रेल्वेच्या डब्यात ‘कोणत्या वर्षीचा?’ असे विचारतो, आणि एक वार्तापत्र असते ज्यात लग्ने आणि बढत्यांपेक्षा मृत्युलेख जास्त मन लावून वाचले जातात. महायुद्धांत गेलेल्यांची नावे कोरलेला फलक जपणे, हेही अशा संघांचे एक मूक काम. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मँचेस्टरच्या शाळेच्या मंडळींनी शहरातल्या गरीब वस्तीत ह्यू ओल्डहॅम यांच्या नावाने कामगारांच्या मुलांसाठी क्लबही काढला होता.

संघाची खरी मालमत्ता मात्र ती नावांची वही असते. दोन गरीब विद्यार्थ्यांनी एक पेनी घेऊन लिहायच्या त्या नोंदींपैकी १७३० पासूनच्या नोंदी एकोणिसाव्या शतकात छापून प्रसिद्ध झाल्या. आपल्या शाळांतल्या जनरल रजिस्टरसारखेच त्यांत मुलाचे नाव, बापाचे नाव, गाव आणि बापाचा व्यवसाय येतो. धर्मोपदेशकाच्या मुलाशेजारी विणकराचा किंवा दुकानदाराचा मुलगा दिसतो. शाळा खरोखर कोणासाठी होती, हे सांगायला यापेक्षा चांगला पुरावा नाही. भाषणांत सगळ्याच शाळा सर्वांसाठी असतात.

याच वह्यांतली काही नावे पुढे जगाला कळली. थॉमस डी क्विन्सी हा लेखक १८०२ साली इथून पळून गेला. पहाटेच्या अंधारात त्याची जड पेटी जिन्यावरून गडगडत हाय मास्तरांच्या दाराशी जाऊन आदळली, तरी मास्तर काही जागे झाले नाहीत, असे त्यानेच सांगून ठेवले आहे. इंग्लंडच्या क्रिकेट संघाचा माजी कर्णधार माइक आथरटन इथलाच. आणि १९८२ च्या चित्रपटात गांधीजींची भूमिका करणारा बेन किंग्जले, ज्याचे मूळ नाव कृष्ण भानजी, तोही याच शाळेचा विद्यार्थी. पळून गेलेल्यालाही शाळा आज अभिमानाने आपला म्हणते, हे माजी विद्यार्थ्यांच्या यादीचे वैशिष्ट्यच आहे.

आता पैशांकडे. थेट अनुदान गेल्यावर १९८० च्या दशकात सरकारने गरजू मुलांची खासगी शाळांतली फी भरण्याची एक योजना चालवली, ती १९९७ साली बंद करण्यात आली. त्यानंतर ज्या मुलाच्या घरी फी देण्याची ऐपत नाही, त्याच्यासाठी शाळेने स्वतःचा निधी उभारायला घेतला. आपल्याकडे जुन्या शाळांत ज्याला ‘नादारी’ म्हणत, पूर्ण नादारी किंवा अर्धी नादारी, तीच ही गोष्ट: पालकांचे उत्पन्न तपासून फी माफ किंवा कमी करायची. या निधीत पैसे घालण्याचे आवाहन सर्वांत आधी ज्यांच्याकडे जाते, ते माजी विद्यार्थी. आणि त्यांतले बरेचजण स्वतः थेट अनुदानाच्या काळात काहीही न भरता शिकलेले असतात, त्यामुळे त्यांना हे जुने ऋण वाटते.

व्यवहार असा चालतो. माजी विद्यार्थ्याने शाळेच्या धर्मादाय निधीला १ पौंड दिला आणि तो ब्रिटनमध्ये पुरेसा आयकर भरत असेल, तर निधीला सरकारकडून आणखी २५ पेन्स परत मागता येतात. या सवलतीला गिफ्ट एड म्हणतात. मृत्युपत्राने दिलेल्या रकमेवर वारसाकर लागत नाही. आलेला पैसा दोन खिशांत जातो: एक लगेच यंदाच्या मुलांच्या फीसाठी, आणि दुसरा कायम ठेवीसाठी, जिच्या मुद्दलाला हात न लावता केवळ उत्पन्न खर्च करायचे. १५१५ साली पाणचक्कीने जे काम केले, तेच काम ही ठेव करते. फरक असा की दळणाचा वाटा सगळ्या गावाला सक्तीने द्यावा लागे, आणि हा पैसा मागावा लागतो. म्हणून अशा शाळांत आता देणग्या गोळा करणारी पगारी माणसे असतात, आणि हौशी माजी विद्यार्थी संघ व हे पगारी कार्यालय यांच्यात यादी कोणाची, पत्र कोणी पाठवायचे यावरून कुरबुरीही होतात.

यावर आक्षेप आहेत आणि ते उडवून लावण्यासारखे नाहीत. फी घेणारी शाळा धर्मादाय कशी, हा पहिला. २००६ च्या कायद्याने अशा प्रत्येक संस्थेला लोकहित सिद्ध करणे भाग पाडले, आणि २०११ साली न्यायाधिकरणाने सांगितले की गरिबांसाठी नाममात्र नव्हे तर खरोखर काही केले पाहिजे, पण किती आणि कसे, हे विश्वस्तांनी ठरवावे. दुसरा आक्षेप टायबद्दलचा: ओळखीवर नोकऱ्या आणि संधी मिळवून देणारे जाळे म्हणूनही असे संघ काम करतात, आणि ज्या मुलाच्या शाळेला असा संघच नाही त्याचे त्यात नुकसान होते. या आक्षेपांखेरीज एक संकट अगदी ताजे आहे. १ जानेवारी २०२५ पासून खासगी शाळांच्या फीवर २० टक्के मूल्यवर्धित कर लागू झाला आणि त्याच वर्षी एप्रिलपासून इंग्लंडमधल्या धर्मादाय खासगी शाळांची स्थानिक करातली सवलतही गेली. फी वाढली की नादारी मागणारे वाढतात आणि तेवढ्याच निधीत कमी मुले बसतात. आणि मदतीला त्या जुन्या चक्क्याही आता नाहीत. शाळा १९३१ सालीच गावाबाहेर मोठ्या मैदानाच्या जागेत हलली होती. शहराच्या मध्यभागी ज्या नदीवर तिच्या चक्क्या फिरत, ती आर्क आता बऱ्याच अंतरापर्यंत रस्त्यांच्या आणि रेल्वेच्या खालून वाहते.